चुकलेल्या उत्तराचं काय करायचं?

शासनाने मार्च 2024 मध्ये 'आनंददायी शनिवार'चा निर्णय काढला. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी शनिवारी प्राणायाम, योगासनं, खेळ, रस्तासुरक्षा असं बरंच काही ठरलं आणि आमच्या सातारा-सांगलीच्या शाळांतूनही ते जमेल तसं चालू आहे. मुलांना शनिवार आवडतो. मलाही आवडतो. माझा प्रश्न सोमवारच्या गणिताच्या तासाचा आहे. शनिवारी डोळे मिटून दीर्घ श्वास घेणारा मुलगा सोमवारी फळ्यासमोर उभा राहतो, त्याची वजाबाकी चुकते, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात वर्गात जे काही होतं त्यावर त्याचं शाळेतलं सुख ठरतं. त्याचं यशही तिथंच ठरतं. आपण मात्र या दोन्हींची खाती वेगळी काढून बसलोय. यशासाठी जादा तास, सुखासाठी समुपदेशन. ही वाटणीच मला मान्य नाही.

वजाबाकीवरूनच सांगते. पाचवीत नव्याने आलेल्या मुलांना मी सुरुवातीलाच 402 वजा 178 देते. दरवर्षी काही वह्यांत उत्तर सापडतं, 376. वरवर पाहिलं तर नुसता गोंधळ वाटतो. पण त्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढलाय: आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' असं त्याला दुसरीत कुणीतरी सांगितलेलं असतं आणि तो ते इमानदारीने पाळतोय. सांगितलेलं ऐकल्यामुळे झालेली ही चूक आहे. आणि त्याला ऐकायला काय मिळतं? "लक्ष कुठं असतं रे तुझं?"

वाळवा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत माझी मैत्रीण शिकवते. तिच्या वर्गात हेच उत्तर फळ्यावर आलेलं मी पाहिलंय. कुणाचं ते तिने सांगितलं नाही. 376 लिहिलं, खाली रेघ ओढली आणि म्हणाली, "हे उत्तर एकाने विचार करून काढलंय. काय विचार केला असेल, शोधा बघू." एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, हातचा विसरला." "बरं, हातचा घेऊन शेजारचा कमी करायचा विसरला, असं धर. किती येतं, करून बघ." तिचं आलं 334. म्हणजे चोर तो नव्हता. मग वर्ग खरोखरच कामाला लागला. पाटीवर, वहीच्या मागच्या पानावर, बोटांवर हिशोब सुरू झाले. शेवटी मागून आवाज आला, "बाई, त्यानं उलटं केलंय. खालच्या आठातनं वरचं दोन काढलं." "हां!" सगळ्या वर्गाचं. आणि पहिल्या रांगेतला एकजण म्हणाला, "माझंच हाय ते." म्हणताना तो हसत होता. मैत्रिणीने त्याला एवढंच विचारलं, "चारशे दोन रुपये घेऊन बाजारात गेलास, एकशे अठ्ठ्याहत्तरचा बाजार केलास, आणि पावणेचारशे परत आणलेस, तर आई काय म्हणेल?" तो म्हणाला, "रोज तूच जा म्हणंल."

सगळा प्रकार सात-आठ मिनिटांचा. त्यात बेरीज-वजाबाकीची घरं आली, अंदाज आला, दुसऱ्याच्या डोक्याने विचार करणं आलं, आणि एका मुलाची लाज राखली गेली. यातलं सुखाचं काम कुठलं आणि शिकवण्याचं कुठलं, हे मला तरी वेगळं काढून दाखवता येणार नाही.

आता दुसरा वर्ग पाहू. तो कुठलाही धरा, कारण तो सगळीकडे आहे. "इतकं पण येत नाही?" "तुझी ताई बघ, एवढी हुशार होती." "बसा खाली, शहाणे." वर्ग हसतो. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनाही उत्तर येत नसतं, पण आज आपल्यावर वेळ आली नाही म्हणून ते जरा जोरात हसतात. अशा वर्गात मूल एक गोष्ट चटकन शिकतं, आपलं न येणं लपवायला. गणिताचा तास आला की पेन्सिलला टोक करायला घेतं आणि ते टोक तासभर होत राहतं. बाटली रिकामी करून पाणी प्यायला जातं. फळ्यावरचं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतं. वही तपासणाऱ्याला ती वही आदर्श वाटते. चौथ्या तासाला पोट दुखतं, आणि ते खरंच दुखतं. अशी मुलं वर्गात शांत असतात, त्रास देत नाहीत, म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाहीत. आठवीला ती माझ्यासमोर येतात तेव्हा त्यांच्याकडे सहा-सात वर्षांचा लपवण्याचा अनुभव असतो.

मुलांना किती वाचता येतं, हिशोब किती जमतो हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नव्हता. हा आकडा दर वेळी शिकवण्याचं अपयश म्हणून छापून येतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. वाचता न येणारं मूल रोज पाच-सहा तास अशा जागी बसतं जिथे प्रत्येक तासाला वाचावंच लागतं. त्याला शनिवारी कितीही खेळवा. त्याचं दुःख हलकं करण्याचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे त्याला वाचायला शिकवणं, आणि तेही चारचौघांत पाणउतारा न करता.

शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलाला मारायला बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही. कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. छडी बरीचशी गेली, हे मान्य केलं पाहिजे. माझ्या लहानपणीचे ओल्या फोकाचे वळ आता दिसत नाहीत. जीभ मात्र जागेवर आहे, आणि जिभेचे वळ तपासायला कुठला विस्तार अधिकारी येणार? वर पालकच सांगून जातात, "मॅडम, दोन ठेवून द्या, आमची काय तक्रार नाही." माणूस वाईट नसतो तो. पोरगं आपल्यासारखं फडात राबू नये एवढीच त्याची इच्छा असते, आणि शिकणं म्हणजे मार खाणं हेच त्याने पाहिलेलं असतं.

आपल्या भागात शाळेच्या वर्षाला तीन तारखा भाषणांच्या. 22 सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती. 7 नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस, कारण 1900 साली त्या दिवशी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. आणि 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्यांचं नायगाव खंडाळा तालुक्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. भाषणं जोरदार होतात, पोरं पाठ करून हातवारे करत म्हणतात. पण त्या तारखांमागची गोष्ट वर्गात कुठे दिसते? बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यांना वर्गात वेगळं, कोपऱ्यात बसावं लागे. बसायचं गोणपाट रोज घरून आणून परत न्यावं लागे. आणि शिपाई हजर नसला तर तहान लागूनही पाणी मिळत नसे. आजच्या कुठल्याही गोष्टीची त्याच्याशी बरोबरी मी करणार नाही. पण कोण कुठे बसणार हे ठरवतानाच शाळा मुलाला त्याची किंमत सांगून टाकते, हे साताऱ्यात शिकवणाऱ्याला तरी वेगळं सांगायला नको. तरीही 'ढ'ची रांग असते. तीत बहुतेक वेळा कुणाची मुलं बसतात, हे ज्याने त्याने आपल्या शाळेत जाऊन पाहावं.

कर्मवीरांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करत, एकाच पंक्तीला जेवत, राबून शिकत. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. तिथे मुलाच्या मनाची काळजी घेणारा वेगळा विभाग नव्हता. पोटात अन्न, अंगाला काम, बसायला बरोबरीची जागा आणि पुढ्यात पुस्तक, हे सगळं एकाच छपराखाली होतं. त्या पंक्तीचा फोटो आमच्याकडे भिंतीवर असतो, आणि त्याच भिंतीखाली स्कॉलरशिपची बॅच वेगळी बसते.

स्कॉलरशिपबद्दल बोलणं आमच्याकडे जरा धोक्याचं आहे. नवोदय, सैनिक स्कूल, स्कॉलरशिप, आठवीची एनएमएमएस शिष्यवृत्ती, या परीक्षांची आपल्या दोन्ही जिल्ह्यांना भारी हौस. देशातलं पहिलं सैनिक स्कूल 1961 मध्ये साताऱ्यात निघालं, त्याचा अभिमान मलाही आहे. गरिबाच्या हुशार पोराला या परीक्षांनी वर काढलं, हेही खरं. पण शाळेत एक चांगला गणिताचा शिक्षक असतो आणि त्याचे सकाळचे, संध्याकाळचे, सुट्टीतले जादा तास दहा-बारा मुलांवर खर्च होतात. बाकीच्या तीस-चाळीस जणांच्या वाट्याला थकलेला शिक्षक येतो. निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो, पोरांचे फोटो, वर नेत्यांचे फोटो, त्यांच्याहून मोठे. फ्लेक्सखालून रोज शाळेत जाणारी बाकीची पोरंही वाचू शकतात. निदान काहीजण वाचू शकतात.

जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा ही सूचना सगळीकडे छापून आली. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका, ही त्याच निकालातली सूचना मागे पडली. त्या निकालामागे आकडे होते. 2022 या एका वर्षात देशात 13 हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे, आणि राज्यांत सगळ्यात वरचा क्रमांक आपल्या महाराष्ट्राचा. समुपदेशक नेमायला पैसे लागतात, पद लागतं, मंजुरी लागते. अ-ब-क तुकड्या मोडायला मुख्याध्यापकांची एक सही पुरते. कुठली सूचना आधी अमलात यायला हवी होती?

समुपदेशक नकोत असं मी म्हणत नाही. काही गोष्टी शिक्षकाच्या आवाक्याबाहेरच्या असतात आणि तिथे आपण मायेपोटी लुडबुड करू नये. मुलगी सांगते की घरात कुणीतरी अंगाला हात लावतं. तेव्हा 'कुणाला सांगणार नाही' असं वचन शिक्षकाने द्यायचं नसतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं' म्हणून जबाबदारी संपत नाही. जगण्यात अर्थ नाही असं एखादा मुलगा बोलून गेला तर ते नाटक समजायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, पालकांना आणि डॉक्टरांना गाठायचं. मानसिक आरोग्याच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 आणि चाइल्डलाइनचा 1098 हे नंबर शाळेच्या दर्शनी भिंतीवर असावेत. आमच्याकडे त्या जागी बहुतेक सुविचार असतो.

पण ही वेळ येण्याआधीची कितीतरी वर्षं मूल समुपदेशकाकडे नसतं, वर्गशिक्षकाकडे असतं. आणि वर्गशिक्षकाला मूल माहीत असावं लागतं. आमच्या भागात हे फार गुंतागुंतीचं काम आहे. विटा, आटपाडी, तासगाव भागातली गलाईवाल्यांची घरं घ्या. सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन इथली माणसं देशाच्या कानाकोपऱ्यात गेली. असा एखादा मुलगा तिसरीपर्यंत तमिळनाडूत शिकून आजीकडे परत येतो. तोंडी हिशोब असा पक्का की आपण बघत राहावं, आणि मराठीचा धडा वाचायला उभा केला की जागच्या जागी मुका. पहिल्या चाचणीत त्याला शब्दरूप गणितात भोपळा मिळतो. त्याला गणित येत नाही असा शेरा पडतो, आईबाप हजार किलोमीटरवर, आणि आजी सही करते. तोच प्रश्न त्याला तोंडी विचारला असता तर? जतच्या पूर्व भागात घरात कन्नड बोलणाऱ्या मुलाचं असंच होतं. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे येतात, फडाशेजारी त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या पडतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, की पोरं वर्गातून नाहीशी होतात. त्यांना चूक करायलासुद्धा पुरेसे दिवस मिळत नाहीत. पाटण-जावळीत बाप माथाडी म्हणून वाशीच्या मार्केटला. अपशिंग्यासारख्या सैनिकांच्या गावात बाप सीमेवर.

आणि पूर. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तिथली धोक्याची पातळी 45 फूट. पाणी ओसरलं, पंचनामे झाले, वह्या-दप्तरं वाटली. पुढच्या पावसाळ्यांत मात्र सर लागली की खिडकीकडे बघत बसणारी मुलं नदीकाठच्या वर्गांत होती. "मॅडम, घरी फोन लावता का?" एवढंच म्हणायची. त्यांना 'पुस्तकात बघ' म्हणणारे शिक्षक होते, आणि तास थांबवून फोन लावून देणारेही. 2021 ला परत पूर आला, तेव्हा मुलांची भीती उगाच नव्हती हेही कळलं.

मुलाबद्दलची ही माहिती ठेवायला शासनाने जागा दिलेली आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करायची असते. कल्पना उत्तम. झालं काय, तर बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, मग पीडीएफ आल्या. 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो', 'आपली मते ठामपणे मांडतो'. वर्षभर तोंड न उघडलेल्या मुलाच्या नावापुढे मी हे ठामपणे मांडलेलं मत वाचलंय. त्यापेक्षा वर्गशिक्षकाने साध्या वहीत प्रत्येक मुलाबद्दल महिन्याला एक ओळ खरी लिहावी. 'हातच्यात उलटं करतो.' 'आजीला ऐकू येत नाही, निरोप लिहून द्यावा.' 'तोंडी विचारलं की येतं.' पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला ती वही द्यावी. यापेक्षा कामाचा दस्तऐवज शाळेत दुसरा नसेल.

हे इथे होत नाही असं कुणी म्हणू नये. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या गटातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलाने स्वतः करून, शोधून शिकण्याचं काम उभं केलं, ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येत. बघून गेलेल्यांनी काय नेलं, तर फरशीवर रंगवलेल्या आकृत्या. गावोगाव फरशा रंगल्या. पण त्या वर्गांमधली खरी गोष्ट रंगाची नव्हती. तिथलं मूल न घाबरता चुकत होतं आणि स्वतःच दुरुस्त करत होतं. ते फोटोत येत नाही, त्यामुळे नेता आलं नाही.

माझे सहकारी यावर काय म्हणतील ते मला पाठ आहे. "मॅडम, पोरं मऊ होतील. बाहेरचं जग कुणाची लाज राखत नाही." या म्हणण्याला यंदा मला एक चांगलं उत्तर मिळालंय. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दोन वर्षांत पास होण्याची अट घातली, आणि पन्नाशीला टेकलेल्या भल्याभल्यांच्या पोटात गोळा आला. स्टाफरूममध्ये सरावाचा पेपर सोडवताना कुणी आपले गुण शेजाऱ्याला दाखवत नाही. कुणी मोठ्याने वाचून दाखवले तर? भीतीने आपला अभ्यास सुधारला असं अजून तरी एकानेही मला सांगितलेलं नाही.

दुसरी तक्रार वेळेची, आणि ती खरी आहे. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग, एक शिक्षक प्रशिक्षणाला, दुसरा पोषण आहाराची नोंद मोबाइलवर भरतोय, रेंज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतात असं म्हटलंय; माहिती भरायला आमच्या मोबाइलवर येणाऱ्या लिंका मोजल्या तर ते कलम कुणी वाचलंय की नाही याची शंका येते. हे बदललंच पाहिजे आणि त्यासाठी संघटनांनी वेतनाइतक्याच जोराने भांडायला हवं. पण पाणउतारा करायलाही वेळ लागतोच की. एका मुलाला उभं करून त्याच्या घराण्याचा उद्धार करण्यात जी पाच मिनिटं जातात, त्यात 376 चं कोडं सुटतं.

एका गोष्टीला मात्र वेळही लागत नाही आणि मंजुरीही. सत्र संपलं की पालकसभा होते. पालक बाकांवर अंग चोरून बसतात, कुणी कामावरून अर्धा दिवस पाडून आलेलं असतं, आणि वर्गशिक्षक सगळ्यांसमोर गुण वाचून दाखवतात. ज्याच्या मुलाला कमी त्याची मान खाली, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर त्या खाली गेलेल्या मानेचा हिशोब पोराकडून वसूल होतो. हे वाचन बंद करावं. प्रत्येक पालकाला त्याच्या मुलाची वही उघडून दाखवावी, एक जमलेलं आणि एक अडलेलं गणित, आणि त्या अडलेल्याचं पुढे आपण काय करणार आहोत ते सांगावं. चाळीस पालकांना मिळून दोन दुपारी जातील. त्या दोन दुपारी मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात घालून द्याव्यात, आणि दिल्या नाहीत तर शाळा व्यवस्थापन समितीत पालकांनी मागाव्यात.